चळत

पाचशे होत्या.
मिंगेलने तारवावरून पत्र्याच्या पेटीतून आणलेल्या,
बायकोच्या सेंटच्या बाटलीपेक्षा जपून.
मातीच्या आहेत, म्हणाला, प्लास्टिक नव्हे. ऐक.
आणि एक चिप दुसरीवर टाकली.
सुक्या पणतीला नखाने टिचकी मारावी
तसा आवाज.

तेव्हापासून कुडचड्यात त्याच्या माडीवर
दर शनिवारी आम्ही पाच जण:
मिंगेल, मी औषधवाला,
तीन टिप्परांचा मालक शानू पै,
खाणीच्या वजनकाट्यावरचा पुंडलिक,
आणि वेल्हो मास्तर, जो पैसे लावणं पाप आहे म्हणायचा
आणि सगळ्यांहून जास्त लावायचा.

कडा तेव्हा धारेच्या होत्या.
चिप टेबलावर कडेवर उभी राहायची,
मिंगेल पाहुण्यांना तेवढंच दाखवायचा, पत्ते नंतर.
आता एकही राहत नाही.
सोडली की दोन गिरक्या घेते आणि आडवी.

पांढऱ्या आधी तांबूस झाल्या.
हात धुऊन या रे, कोंसेसांव जिन्यातूनच ओरडायची.
धुऊनच यायचो.
पण खनिज बोटांच्या रेषांत बसलेलं,
रेज म्हणताना प्रत्येकाने
थोडं थोडं टेबलावर ठेवलेलं.
एकदा तिने सगळ्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या,
टूथब्रशने घासल्या, गच्चीवर सुपात वाळवल्या.
लाल गेला नाही.
अंगावरची बारीक जाळी मात्र गेली,
अंधारातही अंगठ्याला कळायची ती.
पाणी तिने केळीला घातलं.

एका हिरवीवर कुत्र्याचे दोन दात आहेत.
एका निळीवर फेणीच्या पेल्याचं अर्धं वर्तुळ,
उरलेलं अर्धं कुठल्या चिपेवर, सापडलेलं नाही.
एक दुभंगली, शानूने टेबलावर मूठ आपटली त्या रात्री.
फेविक्विकने जोडली.
तुटलेलीची किंमत किती, यावर दीड तास वाद,
शेवटी मास्तर म्हणाला, पुरी.
तेव्हापासून ती ज्याच्याकडे जाते
तो ती सगळ्यात आधी खर्चून टाकतो.

मग खाण बंद पडली.
शानूच्या टिप्परांवर कारल्याचा वेल चढला.
पांढरी दहाची होती, पाचची झाली,
मग रुपयाची, मग नुसतीच पांढरी.
काळी हजाराची.
तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही,
म्हणून तिला अजून धार आहे.
पेटीत शेवटच्या खणात बसलेली असते,
नव्या नवरीसारखी, आणि कुणाच्याच उपयोगाची नाही.

गेल्या महिन्यात शानूच्या मुलाने
पणजीहून नवा संच पाठवला, पोटात लोखंड घातलेला, जड.
काही जुन्या, काही नव्या घेऊन बसलो.
वीसच्या चळती शेजारी शेजारी लावल्या
तर जुनी बुटकी.
उंचीवरून मोजायची सवय, पुंडलिक दोनदा फसला.
दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच
वीस पांढऱ्या रुमालात बांधून माझ्या दारात हजर.
तोल, म्हणाला.

मिंगेलच्या हिशोबाने नवी असताना एक नऊ ग्रॅमची,
वीसच्या एकशे ऐंशी.
माझ्या तराजूवर एकशे एकाहत्तर.
म्हणजे एक अख्खी चिप गेली होती,
जी कुणी जिंकली नव्हती
आणि कुणी हरली नव्हती.

पुंडलिक बराच वेळ काट्याकडे बघत राहिला,
आयुष्यभर दुसऱ्यांच्या ट्रकांकडे बघितलं तसाच.
मग म्हणाला, यात खनिजही चढलंय ना रे.
माती त्याहून जास्त उतरली असणार.
निव्वळ काढता येत नाही.
आणि माझ्या पावतीपुस्तकातलं एक पान फाडून
तारीख घातली, आकडा लिहिला,
खाली सही केली.

शनिवारी ती पावती पेटीत होती, काळ्यांच्या खणात.
नवा संच शानूने परत नेला, नातवाला देतो म्हणाला.
वाटताना दुभंगलेली माझ्याकडे आली.
मी ठेवून दिली, शेवटच्या डावापर्यंत.
मास्तर म्हणाला, पापी माणसा, लाव की.
मिंगेल पत्ते पिसत होता.